गोव्याच्या समुद्रात मोसासॉर पोहत होते का?

प्राचीन समुद्रांतील महाकाय शिकारी सरीसृपांचा विषय निघाला की आमच्याकडे हमखास विचारले जाते, ‘हे प्राणी आपल्या दर्यातही होते का?’ मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचे उत्तर शोधताना प्राण्यांच्या वयाबरोबर आपल्या समुद्राचेही वय पाहावे लागते.

हे प्राणी डायनोसॉर नव्हते, एवढे आधी सांगायला हवे. जमिनीवरच्या सरीसृपांचे वेगवेगळे वंश वेगवेगळ्या काळी समुद्रात उतरले आणि तिथले शिकारी झाले. इक्थिओसॉर आकाराने माशासारखे झाले, प्लेसिओसॉर चार वल्ह्यांनी पोहू लागले, त्यांच्यातल्याच आखूड मानेच्या आणि प्रचंड जबड्याच्या शाखेला प्लायोसॉर म्हणतात, आणि सर्वांत शेवटी आले ते मोसासॉर. या सर्वांना श्वास घेण्यासाठी पाण्यावर यावेच लागे.

आता समुद्राकडे वळू. ज्युरासिक काळात (सुमारे २० ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी) गोव्यासमोर अरबी समुद्र नव्हताच. त्या वेळी भारताचा हा पश्चिम काठ मादागास्करला जोडलेला होता आणि ही दोन भूखंडे एकमेकांपासून अलग झाली ती सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी. कर्नाटकात उडुपीजवळच्या मालपे किनाऱ्यासमोर सेंट मेरी बेटांवर जे ज्वालामुखीजन्य खडकांचे खांब दिसतात, ते याच फाटाफुटीच्या काळातले आहेत. इक्थिओसॉर मात्र ९ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते, आणि मोठे प्लायोसॉरही साधारण त्याच सुमारास संपले. म्हणजे गोव्याच्या समुद्राने इक्थिओसॉर कधी पाहिलाच नाही. कच्छची गोष्ट वेगळी आहे. तिथे ज्युरासिक काळात समुद्र होता, आणि लोडाई गावाजवळ सापडलेला सुमारे साडेपाच मीटर लांबीचा, जवळजवळ संपूर्ण इक्थिओसॉर २०१७ साली प्रसिद्ध झाला. भारतीय जीवाश्मशास्त्रातल्या या शोधाचे कौतुक शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

मग आपल्या वाट्याला उरतात ते मोसासॉर, आणि ते काही कमी नाहीत. घोरपड, सरडे आणि साप ज्या गटात मोडतात त्याच गटातले हे प्राणी. त्यांतला मोसासॉरस बारा मीटरच्या आसपास वाढे. त्यांच्या टाळूवरही मागे वळलेले दात होते, त्यामुळे एकदा तोंडात आलेली शिकार घशाकडेच सरकत असे. खालच्या जबड्याच्या मध्यावर आणखी एक सांधा होता. त्यांची शेपटी पूर्वी चित्रांत सरळ, लांबट दाखवत. परंतु जॉर्डनमध्ये सापडलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जीवाश्मात शेपटीच्या पराची मऊ कडासुद्धा दगडावर उमटलेली आहे, आणि त्यावरून त्यांना शार्कसारखा दुभंगलेला शेपटीचा पर होता हे स्पष्ट झाले.

जमिनीवरचा सरीसृप समुद्राचा कसा होतो हे पाहायचे असेल, तर आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना थोडा वेळ उभे राहावे. तारल्या-बांगड्यांबरोबर कधी कधी समुद्रसर्प जाळ्यात येतो. त्याची शेपटी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असून पाण्याखाली झडपेने बंद होतात. आपल्याकडचे समुद्रसर्प अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येत नाहीत. ते समुद्रातच पिलांना जन्म देतात. मोसासॉरही पिलांनाच जन्म देत. (समुद्रसर्प अत्यंत विषारी असतो, त्यामुळे हे निरीक्षण लांबूनच करावे आणि त्याला परत पाण्यात सोडण्याचे काम रापणकारांवर सोपवावे.)

मोसासॉरची ओळख जगाला पटली ती नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या खाणींतून. तिथे अठराव्या शतकात सापडलेला प्रचंड जबडा कोणी मगरीचा ठरवला, कोणी देवमाशाचा. अखेर १८०८ साली फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी तो घोरपडीच्या जवळच्या सागरी सरड्याचा असल्याचे मांडले. मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींतून मिळालेल्या आणि २०२२ साली नाव दिलेल्या थॅलॅसोटायटन या मोसासॉरचे दात तर तुटलेले, झिजलेले आहेत. हाडे फोडून खाणाऱ्या शिकाऱ्याची ही खूण आहे, आणि त्याचे भक्ष्य बहुधा इतर सागरी सरीसृपच होते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशात हा सगळा वंश संपला.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: मादागास्कर दूर सरकत असताना मध्ये उघडलेल्या नव्या समुद्रात मोसासॉर शिरले असणे अगदी संभवनीय आहे, मात्र त्यांची हाडे गोव्याच्या जमिनीत मिळणार नाहीत. आपले बहुतेक खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत, सत्तरी तालुक्याच्या बाजूला दख्खनच्या लाव्ह्याचा थोडा भाग आहे, आणि वर जांभ्याचा थर. मोसासॉरच्या काळातला समुद्री गाळाचा खडक इथे उघडा पडलेलाच नाही. ज्यांना तो बघायची इच्छा आहे, त्यांनी तमिळनाडूतल्या अरियलूर परिसराची वाट धरावी. तिथले क्रेटेशियस काळातले, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या मोसासॉरच्या काळातले, समुद्री थर शिंपल्यांनी आणि अमोनाइटांनी (गुंडाळलेल्या शंखाच्या नामशेष समुद्री जीवांनी) गच्च भरलेले आहेत.