आईचा रिपोर्ट आणि पाच वेळा उठबस

शिमग्याला पालखी अंगणात आली आणि खणानारळाची ओटी घेऊन बसलेल्या आईला खुर्चीतून उठवेना. मी आणि दादाने बगलेत धरून उभी केली. "पायाला मुंग्या आल्या रे," म्हणून तिने वेळ मारून नेली. रात्री वहिनीने हळूच सांगितलं, दिवाळीपासून आईंनी विळीवर बसणंच सोडलंय; खवताना नारळ हातातून सटकतो.

गुहागरला आमच्या वाडीत यावर एकच निदान आहे: वय झालं. आई ७८ वर्षांची. मी मुंबईत राहणारा, मला आकडा हवा होता. मोबाइलवर शोधताना 'फ्रेल्टी' हा शब्द भेटला, म्हणजे म्हातारपणी शरीराची गंगाजळी आटत जाणं. मग रक्तातले बायोमार्कर, म्हणजे शरीराची अवस्था सांगणारे आकडे, आले आणि पाठोपाठ एका लॅबची जाहिरात: ज्येष्ठांसाठी पॅकेज, रक्त घरी येऊन घेणार. पैसे भरून मोकळा झालो.

सातला येणारा माणूस साडेनऊला आला. मधुमेहाची बाई रात्रीपासून उपाशी. तिला दरदरून घाम फुटला, साखरपाणी द्यावं लागलं, आणि उपाशीपोटीच्या साखरेची तपासणी तिथेच वाया गेली. मला ज्यासाठी रक्त द्यायचं होतं त्या हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) यांना उपाशी राहावंच लागत नाही, हे नंतर कळलं. अजून स्वतःचा राग येतो.

रिपोर्टची चौदा पानं घेऊन चिपळूणला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उलटी ठेवली आणि आईला म्हणाले, "आजी, हाताची घडी घाला आणि पाच वेळा उठा-बसा." आईला १९ सेकंद लागले; १२ किंवा जास्त लागले तर पायात जोर कमी समजतात. सहा मीटर चालायला ९ सेकंद. मग मूठ आवळायचं यंत्र हातात दिलं: १३ किलो. आशियाई निकषांत बाईची पकड १८च्या खाली आली की कमी धरतात. नारळ का सटकत होता ते तिथे कळलं.

"रक्तात फ्रेल्टीचा आकडा कुठला?" मी विचारलंच. असा एक आकडा नाही, म्हणाले. इंटरल्युकिन-६, सीआरपी ही रक्तातली प्रथिनं शरीरातली सूज दाखवतात. थकलेल्या म्हाताऱ्यांच्या गटात ती सरासरीने जास्त सापडतात. पण तुमच्या आईचा सीआरपी ९ कशामुळे, हे तो आकडा सांगणार नाही. सर्दी असेल, हिरडी असेल. निदान अजून हातापायांवरच होतं. अमेरिकन डॉक्टर लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पाच खुणा ते बघतात: नकळत घटलेलं वजन, थकवा, कमजोर पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या की फ्रेल. आईच्या पाचही जुळल्या. वर्षात ४८ किलोवरून ४३ झाली होती आणि आम्ही 'बारीक झालीस' म्हणून कौतुक करत होतो.

मग रिपोर्ट सुलटा केला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकतं तो रक्तातला कचरा, ०.५ बघून मी खूश होतो, मूत्रपिंड ठणठणीत! ते हसले. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच झडले तर ते कमीच दिसणार. म्हणून सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाचीच दुसरी तपासणी करायला सांगितलं, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. बी-१२ खूप कमी होतं. मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू आहे, त्याने बी-१२ घटू शकतं. हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमीच. ड जीवनसत्त्वही कमी, समुद्र हाकेवर असून! पण ऊन अंगणात असतं आणि आई माजघरात.

शेवटी त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. कवळी सैल, खाली हिरडीला जखम. आई दोन वर्षं पेज आणि मऊ भातावर होती. बांगडा आम्हाला वाढायची आणि "मला वास सोसत नाही" म्हणायची. आम्हाला ते खरं वाटायचं.

कवळी बदलली. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. सिस्टॅटिन-सी बरं आल्यावर प्रथिनं वाढवायची मुभा मिळाली, वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम. वहिनीने अंडं, कुळथाचं पिठलं आणि काटे काढलेला मासा यांत ते बसवलं. आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून उठबस. औषधं ती निमूट घेते, उठबशीला मात्र "शाळेत घातलंस काय मला" हे रोज ऐकावं लागतं.

जूनमध्ये पुन्हा मोजलं: उठबस १५ सेकंद, पकड १५ किलो, वजन दीड किलो वर. सीआरपी खाली आला; हिरडीमुळे की कशामुळे, डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढची तपासणी गणपतीनंतर. मोदकांचा नारळ कोण खवणार, यावर आई आणि वहिनीचं अजून जमलेलं नाही.