मोतीबिंदू, माइक आणि देवमासे

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असताना कुणी प्राणी बघायला जातं का? मी गेले. ऑपरेशनची तारीख ऑगस्टमधली आणि लेकीने काढलेली बोटीची तिकिटं जूनमधली. "दिसेल तेवढं दिसेल गं आई," ती म्हणाली. तिच्या गळ्यात माझ्या हाताएवढ्या लांबीची लेन्स होती, माझ्या गळ्यात तिची जुनी दुर्बीण. दुर्बिणीचा एक फायदा मला त्या दिवशी कळला. तिच्यातून धुकं जवळ येतं.

जागा अलास्कातली, सिवर्ड नावाचं बंदर. 1867 मध्ये अमेरिकेने रशियाकडून अख्खं अलास्का 72 लाख डॉलरना घेतलं, तो व्यवहार ज्यांनी केला त्या परराष्ट्रमंत्र्यांचं नाव या गावाला आहे. गावासमोर रेझरेक्शन बे, त्याच्या तोंडाशी उघडा समुद्र आणि पश्चिमेला वळलं की केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानाचा किनारा. हार्डिंग नावाच्या प्रचंड बर्फपठारावरून चाळीसेक हिमनद्या खाली उतरतात, त्यांतल्या काही थेट समुद्रात. हे सगळं मी आधी वाचून ठेवलं होतं, कारण तिथे गेल्यावर दिसणार नाही याची खात्री होती.

बोट सुटल्यावर कप्तानाने दिशा सांगण्याची रीत समजावली. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवीकडे तीन, मागे सहा, डावीकडे नऊ. थोड्या वेळाने स्पीकरवरून "गरुड, अकरा वाजता!" असा पुकारा झाला आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मला ही रीत लगेच जमली. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानात पडलं की हात योग्य भोकाकडे जायचा, बघावं लागायचं नाही.

गरुड मात्र दिसला नाही. लेकीने सांगितलं, पांढऱ्या डोक्याचा होता. बरं.

खाडीच्या बाहेर पडल्यावर बोट वरखाली व्हायला लागली, माझंही पोट तिच्याबरोबर. एका मुलीने येऊन सांगितलं, मागच्या बाजूला बसा आणि क्षितिजाकडे बघत राहा. मागे जाऊन बसले. क्षितिज मला दिसत नव्हतं, म्हणून ते जिथे असायला हवं तिथे बघत राहिले. वीस मिनिटं काहीही लिहिण्यासारखं घडलं नाही.

मग इंजिन एकदम मंदावलं आणि मोठ्या बसने थांब्यावर एअर ब्रेक सोडावा तसा आवाज आला, पण त्याहून खोल आणि ओला. "फूऽऽस." पाठोपाठ आत ओढलेल्या श्वासाचा एक पोकळ घुमारा, बोगद्यातून वारा गेल्यासारखा. सगळे डावीकडच्या कठड्याला धावले. मी बसूनच राहिले. हंपबॅक देवमासा होता. तिथल्या नियमाप्रमाणे बोटीने त्याच्यापासून निदान शंभर यार्ड लांब राहायचं असतं, पण वाऱ्याला नियम नसतो. कुजलेल्या माशाचा असा भपकारा आला की लेन्सवाल्या मंडळींनीही नाक धरलं. हे देवमासे हिवाळ्यात पिल्लं घालायला हवाईच्या उबदार पाण्यात जातात, तिथे जवळजवळ काही खात नाहीत आणि सुमारे पाच हजार किलोमीटर पोहून इथे पोट भरायला येतात. इतक्या उपासानंतर तोंडाला वास येणारच.

चार श्वास मोजले, मग शांतता. लेक ओरडली, "शेपटी, आई, शेपटी!" तेवढी मला दिसली. काळा, रुंद डाग वर आला आणि सरळ खाली गेला. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, तिच्या फोटोवरून अभ्यासक एकेक देवमासा ओळखतात. लेकीने फोटो काढला, म्हणजे आता त्याचा अंगठा आमच्याकडे आहे.

चिस्वेल बेटांपाशी मला डोळ्यांची गरजच उरली नाही. कड्यावर हजारो पक्षी आणि प्रत्येकाचं वेगळं गाऱ्हाणं. किटीवेक पक्षी स्वतःचंच नाव घेऊन ओरडतात, कि-टी-वेक, कि-टी-वेक, एकही दुसऱ्याचं ऐकत नाही. त्यांच्याखाली मर पक्ष्यांची घोगरी गुरगुर. हे मर घरटं बांधत नाहीत, उघड्या खडकाच्या कपारीवर एकच टोकदार अंडं घालतात. 2014 ते 2016 या काळात इथला समुद्र विलक्षण तापला, माशांचा तुटवडा पडला आणि अलास्कातले जवळपास निम्मे मर उपासमारीने गेले. सुमारे चाळीस लाख. मी ऐकत होते त्या गोंगाटाच्या दुप्पट गोंगाट कसा असेल, ते डोक्यात जुळवून बघितलं. जमलं नाही.

पफिन मात्र गप्प होते. ज्यांच्यासाठी सगळे येतात ते रंगीत चोचीचे गोलमटोल पक्षी, आणि आवाज म्हणावा तर पंखांच्या फडफडीचा. मला ते फेकलेल्या चेंडूंसारखे दिसले. पंख एवढेसे, कारण त्यांना पाण्याखालीही त्याच पंखांनी उडायचं असतं.

खालच्या खडकांवर स्टेलर सी लायन पसरले होते. नर हजार किलोच्या वर जातो. हे भुंकत नाहीत, गर्जना करतात, आणि गर्जनेच्या शेवटी ढेकर दिल्यासारखा सूर लागतो. सील आणि सी लायन यांतला फरक मला आवडला: सी लायनला बाहेरून दिसणारे कान असतात, सीलला फक्त भोकं. लेक म्हणाली, "मग तू सी लायन."

दुपारी ओर्कांचा, म्हणजे किलर व्हेल्सचा, कळप भेटला. लेकीच्या मते सात, मला मधूनमधून काळी सुरी पाण्यातून वर येताना दिसायची, तेवढंच. मग कप्तानाने इंजिन बंद केलं आणि पाण्याखालचा माइक सोडला. स्पीकरमधून आधी खरखर आणि मग आवाज. दार करकरावं तसे, शिट्टी मध्येच वाकवावी तसे, एकावर एक. मी उठून उभी राहिले. ट्रंक कॉलच्या जमान्यात दोन-तीन लाइन क्रॉस झाल्या की अगदी असंच ऐकू यायचं: भाषा कळत नाही, पण बोलणारे निराळे आहेत आणि एकाच घरातले आहेत, हे नक्की कळतं.

कप्तान म्हणाला, हे मासे खाणारे ओर्का आहेत, म्हणून बडबडे. प्रत्येक कळपाची बोली वेगळी. सील आणि देवमासे मारणारे दुसरे ओर्का शिकारीच्या वेळी गप्प राहतात, कारण त्यांच्या भक्ष्याला चांगलं ऐकू येतं. त्यातलाच एटी-वन नावाचा एक गट या पाण्यात फिरतो. 1989 मध्ये एक्सॉन वाल्डीझ जहाजाचं तेल सांडलं तेव्हा त्या गटात 22 जण होते. त्यानंतर लवकरच नऊ नाहीसे झाले. 1984 नंतर त्यांच्यात एकही पिल्लू जगलेलं नाही, आता सातच उरलेत असं मानतात. त्यांचीही बोली वेगळी आहे. एवढं सांगून त्याने माइक वर ओढला.

आयालिक हिमनदीसमोर बोट थांबली तेव्हा सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले, का कोण जाणे. मला समोर नुसता निळसर पांढरा पडदा दिसत होता. पण आजूबाजूच्या पाण्यातून बारीक तडतड येत होती, आगपेटीच्या काड्या ओढल्यासारखी. हिमनदीच्या बर्फात जुनी हवा दाबून कोंडलेली असते, बर्फ वितळला की ते बुडबुडे फुटतात. पाण्याखाली हा आवाज इतका मोठा असतो की अशा खाड्या समुद्रातल्या सगळ्यांत गोंगाटाच्या जागांपैकी मानल्या जातात. बर्फाच्या तुकड्यांवर सील पिल्लं घेऊन पडून राहतात, ते कदाचित यामुळेच: या तडतडीत ओर्कांना सील ऐकू येत नसावेत, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे.

लोकांनी "ओह!" केलं. मला काहीच कळलं नाही. मग दीड-एक सेकंदाने गडगडाट पोचला, छातीत. लोकांना बर्फ पडताना दिसला होता, आवाज मागून आला. दीड सेकंद म्हणजे अर्धा किलोमीटर, मी मनात हिशेब केला. पुढच्या वेळी लोकांच्या "ओह"वर मोजायला सुरुवात केली, तेव्हा गडगडाटासाठी मी एकटीच तयार होते.

परतताना बहुतेक मंडळी आत जाऊन पेंगत होती. लेक फोटो पुसत बसली, नऊशेच्या वर काढले होते. सकाळपासून मी तीनदा "पाणमांजर!" म्हणून ओरडले होते आणि तिन्ही वेळा ते तरंगतं शेवाळ निघालं होतं. त्यामुळे आता गप्प बसले होते. बंदराच्या आधी बोट हळू झाली आणि पाण्यावरून आवाज आला. टक टक टक. थांबून पुन्हा टक टक. कुणीतरी उताणं तरंगत छातीवर शिंपला आपटत होतं.

लेकीने मान वर केली. "कुठेय?"

"आठ वाजता," मी म्हटलं. "नाही, थांब. साडेआठ."