सी-थ्री कमी आला आणि आई खूश

परवा रिपोर्ट आले. माझ्याआधी आईनेच पीडीएफ उघडली आणि स्वयंपाकघरातून ओरडली, अगं सी-थ्री ६२ वर आलाय, कमी झाला ना! तिच्या डोक्यात शुगर आणि कोलेस्टेरॉल, कमी म्हणजे चांगलं. मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, आणि त्यात हे उलटं असतं हे तिला सात वर्षांत दहादा सांगून झालंय. सी-थ्री, सी-फोर ही कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीची प्रोटीन्स, अँटीबॉडीचे गुठळे बनायला लागले की ती त्यात खर्ची पडतात, म्हणून आजार पेटला की आकडा पडतो. आमच्या लॅबची रेंज ९० ते १८०.

त्याच पानावर अँटी डीएस-डीएनए, म्हणजे स्वतःच्याच डीएनएविरुद्धची अँटीबॉडी, तो वर गेलेला. ही जोडी अशी एक खाली एक वर दिसली की आमच्या डॉक्टर मॅडम पहिलं विचारतात, लघवीला फेस येतो का, पाय सुजतात का. किडनीची भीती. मग लघवीतला प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो बघतात, तो ०.५ च्या वर टिकून राहिला की बायोप्सीचा विषय निघतो. माझा ०.१८. हुश्श.

आणि काही जणांचा डीएस-डीएनए वर्षानुवर्षं हाय असतो आणि ते मस्त हिंडत असतात, त्यामुळे नुसता कागद बघून स्टिरॉइड वाढवत नाहीत, फक्त नजर ठेवतात. मला तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी बोलावलंय.

सीआरपीचं वेगळंच. ईएसआर आणि सीआरपी दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, पण ल्युपस भडकला तर ईएसआर चढतो आणि सीआरपी बऱ्याचदा जागचा हलत नाही. गेल्या पावसाळ्यात ताप आला, मी म्हटलं झालं, फ्लेअर, आजार भडकला, पण सीआरपी ९० च्या पुढे बघून इन्फेक्शनच्या संशयाने मॅडमनी आधी छातीचा एक्सरे काढायला लावला आणि न्यूमोनिया निघाला. तेव्हा घरच्या घरी स्टिरॉइड वाढवलं असतं तर!

एक राग मात्र आहे. मधे एका ठिकाणी दर व्हिजिटला एएनए, म्हणजे स्वतःच्या पेशींच्या केंद्रकांविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी, करायला लावायचे. अहो, तो निदानापुरता, एकदा पॉझिटिव्ह आला की आला, आजार आज किती पेटलाय हे तो सांगत नाही. तीन वेळा पैसे भरले मी, कुणाला विचारायचं सुचलंच नाही.

पुढचं रक्त द्यायची तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी येतेय. लॅबवाला सकाळी सातला घरी येणार. आईला अजून सांगितलं नाहीये.