जुन्या चित्रकथा मुलांच्या हाती का द्यायच्या?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. रविवारी सकाळी नागपुरात धंतोलीतल्या आमच्या घरी मुलांना घेऊन येणारे आईवडीलही मला हाच प्रश्न करतात. बाजारात इतकी देखणी, नव्याने तपासून काढलेली माहितीची पुस्तके मिळत असताना, कडा पिवळ्या पडलेली, पिना गंजलेली आणि इतिहासाच्या बाबतीत जागोजागी कच्ची असलेली ही जुनी शैक्षणिक कॉमिक्स तुम्ही मुलांपुढे का ठेवता, असे त्यांचे म्हणणे असते. नोकरीची सगळी वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की ही पुस्तके जुनी आहेत हे मुलाला पाहताक्षणी कळते, आणि जे जुने दिसते त्याला प्रश्न विचारायला मूल कचरत नाही. पाठ्यपुस्तकाशी वाद घालायची त्याची हिंमत होत नाही, कारण परीक्षा त्याच पुस्तकावर असते. गुळगुळीत कागदावरच्या नव्या पुस्तकाशीही ते सहसा वाद घालत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रकथेशी मात्र ते बिनधास्त वाद घालते, आणि इतिहास शिकण्याची सुरुवात माझ्या मते तिथे होते.

शैक्षणिक कॉमिक्सचा हा प्रकार जन्माला आला तोच मोठ्यांच्या धास्तीतून. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन आला, मुले कॉमिक्सच्या मागे लागली आणि पालक-शिक्षकांना काळजी वाटू लागली. मुले चित्रांच्या चौकटीच वाचणार असतील तर त्या चौकटींत काही कामाचे भरावे, असा विचार करून पालकांसाठी मासिक चालवणाऱ्या एका प्रकाशनाने १९४१ च्या एप्रिलमध्ये 'ट्रू कॉमिक्स' सुरू केले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर चर्चिल होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्बर्ट कँटर यांनी गाजलेल्या कादंबऱ्यांची चित्ररूपे काढायला घेतली आणि 'थ्री मस्केटिअर्स'ने आरंभ केला. पुढे 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' या नावाने जगभर गेलेली मालिका ती हीच.

याच काळातली मॅक्स गेन्स यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॉमिक्सच्या धंद्यात चांगले बस्तान बसलेले असताना या गृहस्थांनी १९४२ पासून बायबलमधल्या कथा चित्ररूपात आणल्या आणि १९४४ मध्ये 'एज्युकेशनल कॉमिक्स' नावाची संस्था काढून अमेरिकेचा इतिहास, जगाचा इतिहास आणि विज्ञान या विषयांवरचे अंक काढायला घेतले. १९४७ मध्ये एका बोट-अपघातात ते गेले. मुलाच्या, विल्यम गेन्स यांच्या, वाट्याला कर्ज आणि न खपणारे अंक आले. त्यांनी संस्थेच्या नावातले 'एज्युकेशनल' काढून 'एंटरटेनिंग' केले, भयकथा छापायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये त्यांना त्याबद्दल सिनेटच्या उपसमितीपुढे उत्तरे द्यावी लागली. वडिलांचे अंक का खपले नाहीत, याबद्दल माझे मत असे की त्यांत मुलाला मान डोलावण्यापलीकडे काही काम ठेवलेले नव्हते. सद्हेतू होता, पण चित्र मजकुराच्या मागे फरफटत येत होते.

आपल्याकडे हे काम ज्यांनी खरोखर साधले ते अनंत पै. ते मूळचे कारकळचे, जन्म १९२९ चा. टाइम्स समूहात 'इंद्रजाल कॉमिक्स'चे काम पाहत असताना परदेशी नायकांच्या कथा भारतीय मुले कशी वाचतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. १९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांविषयी उत्तर देता आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हा प्रसंग ते नेहमी सांगत. 'अमर चित्रकथा' त्यातून उभी राहिली. मालिकेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते आणि भारतीय विषय आला तो अकराव्या क्रमांकाला, राम वाईरकरांनी चितारलेला 'कृष्ण'. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम, युसूफ लीन अशा चित्रकारांनी बत्तीस-बत्तीस पानांच्या चौकटीत देवादिकांपासून क्रांतिकारकांपर्यंत सगळे बसवले. १९८० मध्ये 'टिंकल' आले आणि त्यातल्या 'अनु क्लब'ने विज्ञानाचे प्रयोग घरच्या वस्तूंनी करायला शिकवले. ते अंक मला आजही निर्दोष वाटतात, कारण त्यांत सांगितलेले खरे की खोटे हे मुलाला स्वतः करून पाहता येते.

नागपूरला या पुस्तकांचा एक वेगळाच लाभ झाला. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी दोन्ही मुलखांना धरून असलेल्या मध्य प्रांताची, आणि १९५० पासून त्याच मुलखाच्या मध्य प्रदेश राज्याची, राजधानी होते आणि इथल्या गल्लीत आजही दोन्ही भाषा एकाच दमात बोलल्या जातात. त्यामुळे बर्डीच्या फुटपाथवर किंवा इतवारीतल्या रद्दीच्या दुकानांत एकच अंक हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही रूपांत हाती लागायचा. मी मुलांना असे जोड अंक शेजारी ठेवून, हातात भिंग देऊन बघायला लावते. अनेक भाषांत निघणाऱ्या रंगीत चित्रकथेच्या छपाईत साधारणपणे पिवळी, किरमिजी आणि निळी या तीन रंगांच्या प्लेटा सर्व भाषांना त्याच राहत आणि मजकूर असलेली काळी प्लेट तेवढी बदलत असे. भिंगाखाली हे लगेच दिसते. राजाच्या शेल्यावरचा लाल रंग इंग्रजी प्रतीत जिथे रेघेबाहेर सांडला आहे, तिथेच तो मराठी प्रतीतही सांडलेला असतो, आणि अक्षरे मात्र पूर्ण वेगळी. बोलण्याचे फुगे इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेले असल्यामुळे वर वेलांटी आणि खाली उकार घेणारी आपली अक्षरे त्यांत दाटीवाटीने बसलेली असतात. एकदा हे पाहिले की मुलाच्या मनात पक्के होते की पुस्तक कोणीतरी बनवलेले असते, त्यासाठी कोणीतरी कात्री, ब्रश आणि पट्टी घेऊन बसलेले असते. पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ या एका जाणिवेत आहे.

कारण चित्रकाराला गप्प राहता येत नाही. लेखक 'सेनापती दरबारात आला' एवढे लिहून मोकळा होतो. चित्रकाराला मात्र त्या सेनापतीचे वय, वर्ण, मिशा, पागोटे, जोडे आणि त्याच्यामागचे खांब हे सगळे ठरवून काढावेच लागते, मग त्यासाठी पुरावा असो वा नसो. मूल वाक्य विसरते आणि पागोटे लक्षात ठेवते. म्हणून मी मुलांना विचारते की यातले कशाकशाला पुरावा असेल आणि काय चित्रकाराने आपल्या मनाने घातले असेल. मग मुले स्वतःच बघू लागतात. असुर सावळे आणि दांडगे, देव गोरे आणि सडपातळ, हे बहुतेक प्रत्येक नव्या मुलाच्या ध्यानात येते, आणि आमच्याकडच्या सावळ्या मुली तर ते मोठ्याने बोलून दाखवतात. वेगवेगळ्या शतकांतले दरबार शेजारी ठेवले की खांब आणि पडदे तेच निघतात, हेही कोणीतरी शोधून काढते. राणी दुर्गावतीचा अंक निघतो तेव्हा मी नागपूरच्या महाल भागातल्या गोंड राजाच्या किल्ल्याची आठवण करून देते. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंडच होता, आणि १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना गेलेली दुर्गावतीही गढामंडल्याच्या गोंड घराण्याची राणी होती. मग चित्रातल्या वाड्यात आणि पोशाखात गोंडांचे काय दिसते, हा प्रश्न मला मुद्दाम विचारावा लागत नाही.

'पद्मिनी'चा अंक मी लहान मुलांना एकट्याने वाचायला देत नाही, हेही सांगून टाकते. जौहराची चित्रे हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण कालगणनेचे आहे. अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतले १३०३ मध्ये, आणि पद्मिनीची जी कथा आपल्याला ठाऊक आहे ती मलिक मुहम्मद जायसीने काव्यात गुंफली १५४० मध्ये. मधल्या २३७ वर्षांचे अंतर चित्रात दिसत नाही. काव्यातली राणी आणि इतिहासातला सुलतान एकाच रंगात, एकाच चौकटीत समोरासमोर उभे राहतात. आठवीतल्या मुलांना मात्र मी हाच अंक आधी देते आणि काळाची रेघ फळ्यावर आखून घेते. काव्य आणि बखर आणि शिलालेख यांच्यातला फरक समजावून सांगण्यासाठी शाळेत मला याहून सोपे साधन कधी मिळाले नव्हते.

आणि आता बाबासाहेबांचा अंक. 'अमर चित्रकथे'ने तो १९७९ मध्ये काढला, दिलीप कदमांच्या चित्रांसह. ज्या काळात शाळेच्या पुस्तकांत बाबासाहेब राज्यघटनेच्या पानापुरते येत, त्या काळात पाण्यापासून आणि वर्गापासून दूर ठेवल्या गेलेल्या मुलाचे आयुष्य मुलांच्या हातात चित्रांतून पडले, हे मी या मालिकेचे मोठे काम मानते. नागपुरात हा अंक वेगळ्या रीतीने वाचला जातो, कारण त्यातली एक घटना इथल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, जिथे आज दीक्षाभूमीचा स्तूप आहे त्या जागेवर कुशीनगरच्या महास्थवीर चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि त्यानंतर बाबासाहेबांनी जमलेल्या लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. अवघे आयुष्य बत्तीस पानांत बसवायचे म्हटल्यावर या एका दिवसाच्या वाट्याला फार जागा येणे शक्यच नव्हते.

आमच्याकडे येणारी एक मुलगी तो अंक घेऊन इमामवाड्यातल्या आपल्या पणजीकडे गेली. पणजी त्या दिवशी लहान वयात आईचे बोट धरून मैदानावर होती. तिने चष्मा लावून चित्रे पाहिली, आणि मग चित्रात नसलेले सांगत बसली: पांढरे लुगडे मिळावे म्हणून घरातल्या बायकांची चाललेली धावपळ, फडक्यात बांधून घेतलेल्या भाकरी, लोकांच्या पायांनी उडालेली धूळ, आणि एका आवाजात उठलेल्या प्रतिज्ञा. मुलीने ते सगळे वहीत उतरवून काढले आणि चार चौकटी स्वतः एका कागदावर चितारून तो अंकात घालून ठेवला. त्या कागदासकट तो अंक आता माझ्याकडे आहे. छापील पुस्तकात काय राहून गेले हे एका मुलीने साक्षीदाराला विचारून शोधले, आणि इतिहासाच्या अभ्यासाची रीत याहून निराळी नसते.

चित्रकथेचे बळ केवढे असते याचे परदेशातले उदाहरणही त्याच सुमाराचे आहे. दीक्षेच्या पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अमेरिकेत 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या संस्थेने मार्टिन ल्यूथर किंग आणि माँटगोमेरी शहरातल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस-बहिष्कारावर एक पातळ कॉमिक काढले. किंमत दहा सेंट. अहिंसेने प्रतिकार कसा करायचा याची पद्धत त्यात चित्रांनी समजावलेली होती, आणि दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय तरुणांमध्ये ते हातोहात फिरले. पुढे खासदार झालेले जॉन लुईस त्याचा ऋणनिर्देश शेवटपर्यंत करत राहिले.

पुस्तके फाटणार नाहीत का, असेही तुम्ही विचारले होते. फाटतात. वर्तमानपत्री जातीच्या कागदात लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य तसेच राहिलेले असते, त्याने तो पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. त्यात नागपूरचा उन्हाळा म्हणजे बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी भाजणी आणि घरात कूलरची दमट हवा, म्हणून मार्च ते जून पुस्तकांची पेटी कूलरच्या खोलीत ठेवायची नाही. गंजलेली पिन बोथट चाकूने अलगद उकलून काढावी आणि तिथे सुती दोरा ओवावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरते. दुर्मीळ प्रती मी वेगळ्या ठेवते, पण ज्यांच्या एकाहून अधिक प्रती आहेत त्या मुलांनी हाताळाव्यात असेच मला वाटते.

तुमच्या मुलाला सुरुवात करून द्यायची असेल तर रद्दीच्या दुकानात वणवण करण्याची गरज नाही. 'किशोर' मासिक बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केले आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. त्यांतल्या चित्रांवरही हाच अभ्यास करता येतो. एक अंक निवडा आणि पहिले वाचन त्याला एकट्याने, अखंड करू द्या. त्या वेळी मध्ये बोलून चुका दाखवू नका, कथेचा आनंद त्याला पुरता मिळाला पाहिजे. दुसऱ्या वाचनाला शेजारी बसा आणि एकच चौकट निवडून विचारा की यातले काय चित्रकाराला ठाऊक असेल आणि काय त्याने ठरवले असेल. येत्या रविवारी आमच्याकडे आलात तर 'कृष्ण'च्या दोन भाषांतल्या प्रती आणि भिंग काढून ठेवते. मुलाला वही-पेन्सिल बरोबर आणायला सांगा.