तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ असताना नक्कल कशाला?

रेकॉर्डींचं कपाट बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. सिनेमाला संगीत देणाऱ्या जॉन विल्यम्सचा मूळ ऑर्केस्ट्रा मिळतो, मोरिकोने मिळतो, मग त्यांच्याच सिनेमांतल्या थीम्सवर डिस्कोचा ठेका चढवलेल्या या तबकड्या कशाला जमवता? गंमत म्हणून का? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू असतं, म्हणून मीही हसून वेळ मारून नेतो. आज नाही हसत.

आधी मूळ कुठलं ते ठरवू. ‘२००१’ या सिनेमाची म्हणून जी चाल सगळ्यांना पाठ आहे, ती रिचर्ड स्ट्राउसची, १८९६ची. दिग्दर्शक कुब्रिकने संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत लिहून घेतलं, ते बाजूला सारलं आणि तयार रेकॉर्डिंग वापरलं. पियानोवादक देओदातोने १९७३ मध्ये त्याच चालीखाली इलेक्ट्रिक पियानो आणि फंकचा नाचरा ठेका घातला, ते अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. यात उसनं कुणी घेतलं आणि कुणाकडून? ‘अ समर प्लेस’ या सिनेमाचं संगीत मॅक्स स्टायनरचं, पण लोकांच्या कानात आहे तो ऑर्केस्ट्रावाला पर्सी फेथ, १९६० मध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेला. त्याच फेथने आयुष्याच्या अखेरीला ती चाल पुन्हा केली, यावेळी डिस्कोत. कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या चालीची आपली आवृत्ती, करणाऱ्याने स्वतःच्याच कव्हरचं कव्हर केलं! आणि मोरिकोनेची ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ म्हणून तुम्ही जी शीळ घालता, ती ऑर्केस्ट्रावाल्या ह्यूगो मॉन्टेनेग्रोच्या १९६८च्या रेकॉर्डवरची असण्याची शक्यता बरीच आहे.

हा झाला वकिली युक्तिवाद. यात मी नेहमी जिंकतो आणि समोरच्याला काडीचंही पटत नाही.

खरं दुखणं वेगळं आहे. ज्यांनी मला रेकॉर्ड हातात कशी धरायची इथपासून शिकवलं, त्यांच्या घरी आम्ही काही जण ऐकायला जमायचो. प्रत्येकाने एक तबकडी आणायची, तिच्याबद्दल आधी काही बोलायचं नाही, असा रिवाज. मी मेकोची ‘स्टार वॉर्स’ नेली, त्या सिनेमाच्या संगीताची डिस्को आवृत्ती. मेको हा कुणी उपटसुंभ नव्हता. ईस्टमन या संगीतशाळेत शिकलेला ट्रॉम्बोनवादक. डिस्को गायिका ग्लोरिया गेनरच्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’चा एक निर्माता. १९७७ मध्ये त्याच्या या रेकॉर्डचा सिंगल पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा विल्यम्सचा स्वतःचा सिंगल दहाव्यापर्यंतच पोचला होता. एलपीची पहिली बाजू म्हणजे साधारण पंधरा मिनिटांचा अखंड पट्टा, आणि मला तो पुरता ऐकवायचा होता. कॅन्टिनाचा, म्हणजे सिनेमातल्या त्या मद्यालयाचा, भाग यायच्या आतच त्यांनी सुईचा आर्म उचलला. रागाने नाही, अगदी सावकाश. मग ब्रश घेऊन सुई पुसली. माझी तबकडी स्वच्छ होती, हे त्यांना माहीत होतं. “आता ऐका,” म्हणाले आणि लंडन सिम्फनीची मूळ रेकॉर्ड लावली.

ती अप्रतिम वाजली. पितळी वाद्यांचा तो पहिला घाव बसला आणि खोलीत कुणी हललं नाही. मीही नाही. मूळ सरस आहे याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण ते ऐकत असताना मी बास ड्रमची वाट बघत होतो, आणि तो येत नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. हे कुणाला सांगायचं? कुणीतरी विचारलं, “मग हे आणलंस कशाला?” मी तबकडी स्लीव्हमध्ये सरकवत राहिलो. त्यांच्याकडे अजूनही जातो. सुई पुसली ते मी विसरलेलो नाही, आणि त्यांना ते आठवतही नसेल.

त्यानंतर बरेच दिवस मी एक सभ्य उत्तर देत असे: या रेकॉर्डींमुळे लोक मूळ संगीताकडे वळतात. ऐकणारा खूश व्हायचा. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, अरे, मग मूळ ऐकून झाल्यावर तू स्वतः मेकोकडे परत का यायचास? तो उलट विचारेल, तुझ्याकडे तरी दुसरं काय उत्तर आहे?

अर्धंमुर्धं आहे. सिनेमाचं संगीत चित्राच्या मर्जीने चालतं. दार उघडलं की स्वर चढतो, पात्र वळलं की थीम अर्ध्यावर तुटते, लय दृश्याच्या लांबीप्रमाणे ताणली नाहीतर आवळली जाते. डिस्कोत दर मात्रेला बास ड्रम, मधल्या जागेत उघडी हाय-हॅट म्हणजे झांजांची जोडी, मिनिटाला साधारण १२० ठोके, आणि शेवटपर्यंत सूट नाही. चालीला लपायला जागा उरत नाही. संगीतकार लालो शिफ्रिनने १९७६ मध्ये शार्कच्या सिनेमाचं, ‘जॉज’चं, संगीत घेतलं तेव्हा शार्क नाहीसा झाला, भीती गेली, आणि ते दोन स्वर म्हणजे किती फर्मास बेसलाइन, म्हणजे खर्जातली ओळ, आहे ते कळलं. हे मला मूळ रेकॉर्डने कधी सांगितलं नसतं.

मात्र सगळ्याच चाली यात तगत नाहीत. कपाटातला बराच माल भंगार आहे, तेही मान्य करतो. सिनेमा चालतोय तोवर खपवायचं म्हणून घाईने वाजवलेलं, स्लीव्हवर कुठल्यातरी कधीच न जमलेल्या ऑर्केस्ट्राचं नाव. तीन मात्रांचा वॉल्ट्झ ओढूनताणून चारात कोंबलेला ऐकला की माझेही दात आंबतात. तरी विकत नाही. का, ते मला माझ्या बेसलाइनच्या सिद्धान्तातून सांगता येत नाही, आणि तुम्ही तेच नेमकं विचारणार.

मेकोने पुढे ‘क्लोज एन्काउंटर्स’ या सिनेमाच्या संगीतालाही हात घातला. ते पाच स्वर सिनेमात प्रश्नासारखे येतात, त्यांच्यानंतरची शांतता हीच त्यांची गंमत. खाली ठेका सुरू असला की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येऊन जातं. इथे मला माझी बाजू मांडता येत नाही. त्या रेकॉर्डवर आर्म उचलला असता तर मी गप्प बसलो असतो. ती गेल्याच आठवड्यात लावली होती, दोन्ही बाजू.