पंचाची सही आणि दारात आलेलं वॉरंट

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सातारा-कोरेगाव रस्त्यावर एका पायी चाललेल्या पोराला ट्रकनं उडवलं. पोलिसांनी पंचनाम्याला मला पंच घेतलं. सही केली आणि विसरलो.

दीड वर्षानं साताऱ्याच्या कोर्टाचं समन्स आलं. मी सापडलो नाही, तेव्हा ते आईनं सही करून घेतलं. तारखेलाच आल्याची काढणी होती. शेजारी म्हणाला, "आईनं घेतलंय ना, मग तुला मिळालंच नाही म्हण." मी गेलो नाही.

तीन आठवड्यांनी हवालदार जामीनपात्र वॉरंट घेऊन दारात. जामीन लिहून देऊन सुटलो, पण आई दोन दिवस नीट जेवली नाही.

वकिलांनी मग नीट सांगितलं. माणूस सापडला नाही तर पूर्वी समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच ठेवता यायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यात, घरातली कोणतीही प्रौढ व्यक्ती चालते. म्हणजे मला समन्स मिळालेलंच होतं. सबळ कारण नसताना न आलेल्या साक्षीदाराला कोर्ट ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकतं. मुद्दाम टाळलं असं ठरलं, तर गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे न्याय संहितेच्या कलम २०८ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आजारपण-बिजारपण लिहू नका, खरं तेच लिहा," ते म्हणाले. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात मी काढणीच लिहिली. दोनशे रुपये दंड झाला, वॉरंट रद्द झालं.

त्याच दिवशी साक्ष झाली. पंचनामा दाखवून सही ओळखायला लावली. उलटतपासात आरोपीचे वकील म्हणाले, "पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली ना?" मी म्हटलं, "नाही साहेब. चाकांच्या खुणा मी स्वतः बघितल्या. पोराची एक चप्पल डांबराच्या बाहेर, कडेच्या मातीत होती."

मागच्या बाकावर पोराचे वडील बसले होते. प्रत्येक तारखेला ते पाटणहून एसटीनं येतात. मी गैरहजर राहिलो त्या दिवशीही आले होते आणि पुढची तारीख घेऊन परत गेले होते. हे कळल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना.

बाहेर व्हरांड्यात तेच जवळ आले. "दादा, चप्पल मातीत होती, म्हणजे तो कडेनंच चालला होता ना?"

"हो काका," मी म्हटलं, "कडेनंच."