इसे जिंगू: आधी गेकू, मग नाइकू

इसे जिंगू हे जपानमधलं शिंतो धर्माचं मोठं तीर्थस्थान; गेकू आणि नाइकू ही त्याची दोन मुख्य देवस्थानं. नागोयाहून किंतेत्सु या खासगी रेल्वेच्या जलद गाडीनं इसेशी स्टेशनला साधारण दीड तासात पोचता येतं. पर्यटकांचा जेआर रेल्वे पास या गाडीला चालत नाही. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्येच टाका, आतल्या जाड खडीवरून चाकांची बॅग ओढवत नाही. चपला-बूट मात्र काढायचे नाहीत.

रिवाजानुसार आधी गेकू, म्हणजे अन्नदेवता तोयोउके हिचं स्थान. ते स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत. तिथून ५१ किंवा ५५ नंबरची बस साधारण वीस मिनिटांत नाइकूला, म्हणजे सूर्यदेवता अमातेरासूकडे नेते. फाटकं पहाटे ५ ला उघडतात. ९ नंतर गर्दी वाढते. गेकूत डाव्या कडेनं चालायचं, नाइकूत उजव्या.

दर्शनाआधी हात-तोंड धुण्याचा प्रकार आपल्याला ओळखीचा वाटतो, तरी चूक इथेच होते. पळी एकदाच भरायची. आधी डावा हात, मग उजवा; मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, आणि पुन्हा डावा हात. पळीला तोंड लावायचं नाही. शेवटी ती उभी धरायची, म्हणजे उरलेल्या पाण्यानं दांडा धुतला जातो. नाइकूत पळीऐवजी इसुझू नदीच्या पायऱ्यांवरही हात धुता येतात.

मुख्य देवालय चार कुंपणांच्या आत. आपण बाहेरच्या पांढऱ्या पडद्यापर्यंतच. दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. प्रदक्षिणा नाही, मूर्ती दिसत नाही, फोटो पायऱ्यांच्या खालूनच. ‘एवढंच?’ म्हणत बरेच जण इथूनच परततात. त्यांनी शेजारचा मोकळा खडीचा चौथरा पाहिलेलाच नसतो. दर २० वर्षांनी शेजारच्या चौथऱ्यावर देवालय हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडात नव्यानं उभारून देवतेला तिकडे नेतात. पहिलं स्थलांतर इ.स. ६९०चं, ६२वं २०१३चं, पुढचं २०३३ला. जुनं लाकूड वाया जात नाही: नाइकूच्या वाटेवरच्या उजी पुलाच्या आतल्या टोकाची तोरी (लाकडी कमान) नाइकूच्या जुन्या खांबांचीच.

बांधणी जवळून पाहायची तर नाइकूत मागचं अरामात्सुरी-नो-मिया हे छोटं देवालय गाठा. नवस-मागणंही तिथेच, मुख्य देवालयासमोर फक्त आभार मानतात. छपराच्या टोकाच्या फुलीदार लाकडांवर नजर ठेवा: गेकूत ती उभी कापलेली, नाइकूत आडवी.

नाइकूबाहेरच्या ओहाराइमाची या बाजाररस्त्यावर १७०७पासूनचं आकाफुकू खा. तांदळाच्या मऊ गोळ्यावर लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड सारण, वर बोटांच्या तीन रेघा, इसुझूच्या लाटांसारख्या. शाकाहाऱ्यांना चालतं. इसे उदोन (जाड शेवयांचा पदार्थ) मात्र टाळा, त्याच्या रश्शात मासळीचा अर्क असतो.